तुलनेचं पान

फरगाना, ३ ऑक्टोबर २०१७

आदरणीय दोनियोर अका,

मी नोझिम. क्लबाच्या कोर्टाची निगा राखणारा आणि रॅकेटना तारा घालणारा. तुम्ही अल्माटीला गेलात तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आता चोवीस पूर्ण झाली. तुमच्या घराचा पत्ता इथे कोणी देत नाही, म्हणून तुम्ही शिकवता त्या अकादमीच्या पत्त्यावर लिहितो आहे. फोन करता आला असता, पण फोनवर माझे शब्द मागेपुढे होतात. लिहिताना खोडता येतं. हे पत्र आधी कच्चं लिहून मग उतरवून काढलं आहे, त्यामुळे यात खाडाखोड दिसणार नाही.

काम असं आहे. पुढच्या वसंतात आपल्या क्लबाला साठ वर्षं होतात. त्यानिमित्त पुस्तिका निघणार आहे. तिच्यातलं एक पान संचालकांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं शुद्धलेखन चुकत नाही असं ते म्हणतात. मी नववीतून शाळा सोडली हे त्यांना माहीत आहे, तरी दिलं. पानाचा विषय: आपल्या कोर्टाचे दोन काळांतले दोन विजेते, तोहिर उस्ताद आणि दोनियोर अका, यांची तुलना. डाव्या रकान्यात तुमचे वडील, उजव्या रकान्यात तुम्ही.

डावा रकाना बराचसा भरला. प्रजासत्ताकाचं विजेतेपद चार वेळा: १९६९, १९७०, १९७२, १९७४. रॅकेट लाकडी, वजन तीनशे नव्वद ग्रॅम. मेंढीच्या आतड्याची तात. चेंडू पांढरे. कोर्ट आपलंच, विटांच्या भुकटीचं.

तुमच्या रकान्यासाठी एवढं कळवावं. विजेतेपदं नक्की किती? चहाखान्यात कोणी पाच म्हणतं, कोणी सहा. सर्व्हिसचा वेग कधी कोणी मोजला होता का? रॅकेटचं वजन किती? तारांचा ताण किती?

ताणाचं राहू द्या. तो मला माहीत आहे. सव्वीस किलो.

उस्ताद ठीक आहेत. उन्हाळ्यापासून कोर्टावर येत नाहीत, एवढंच.

आपला,
नोझिम


फरगाना, २९ ऑक्टोबर २०१७

आदरणीय दोनियोर अका,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहितो.

मागच्या पत्रात एक गोष्ट बरोबर नव्हती. 'उस्ताद ठीक आहेत' असं लिहिलं होतं. ते ठीक नाहीत. ऑगस्टमध्ये अंगणातल्या द्राक्षवेलीखाली पडले. तेव्हापासून पायऱ्या चढले की दम लागतो, आणि आता तर बोललं तरी लागतो. तुमची बहीण सलोमत आपा म्हणाल्या होत्या, "अल्माटीला काही लिहू नकोस, त्यांना आवडणार नाही." म्हणून लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. आपांना कळवू नका.

रॅकेटचं वजन मी जुन्या कागदावरून घेतलं आहे. ती आता वजन करण्यासारखी राहिलेली नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

तुलना अवघड जाते आहे. चहाखान्यात विचारायला गेलो, तर तिथे पुन्हा तेच सुरू झालं. गुलोम बोबांनी बस चालवणं सोडलं, पण आवाज बसचाच आहे. ते म्हणाले, "यात तुलना कसली? लाकडानं मारायला मनगट लागतं. आताची रॅकेट म्हणजे तवा. चेंडू आपला आपण उडतो."

सोबीर न्हावी तुमच्या बाजूचा. तो म्हणाला, "आणि तुमचे उस्ताद त्या काळी हरवत कोणाला होते, बोबो? अख्ख्या प्रजासत्ताकात कोर्टं होती सात. समोर यायचे तीन ट्रॅक्टरवाले आणि एक दंतवैद्य."

"तो दंतवैद्य फार चांगला खेळायचा."

"दातही फार चांगले काढायचा. मग जन्मभर तुमच्या उस्तादांसमोर हरत का राहिला?"

"तुझ्या दोनियोरला त्या दंतवैद्यासमोर उभा कर, लाकूड देऊन. मग बघू."

"उभा केला होता की लाकूड देऊन," सोबीर म्हणाला. गुलोम बोबांनी आपल्या वाटीतला उरलेला चहा जमिनीवर ओतला आणि मला म्हणाले, "तुझ्या त्या वहीत गाढवाची आणि ट्रॅक्टरचीही तुलना होईल, पोरा. लिही काय लिहायचं ते."

तो सामना पुस्तिकेत घ्यायचा की नाही हे मला ठरवता येत नाही. २१ मार्च २०१२, नवरूझचा दिवस. कल्पना गुलोम बोबांचीच होती: दोन काळांची तुलना करायची तर हत्यारं बदला. चौसष्ट वर्षांच्या बापाला मुलाची नवी रॅकेट द्या, तेहेतीस वर्षांच्या मुलाला बापाचं लाकूड. पंच मी होतो. जाळी मध्यभागी एक्याण्णव सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर, मी तीनदा मोजली होती. चेंडू एकेक करून तराजूत घातले होते. रेषा आदल्या दिवशी चुन्यानं नव्या ओढल्या होत्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तीन-तीन गेम झाले असताना रॅकेट मानेपाशी मोडली आणि तिचं डोकं तारांना लोंबत राहिलं. त्याआधीचा गुण तुम्ही हरला होता, आणि लोकांनी तुम्हाला रॅकेट पायाशी मारताना पाहिलं होतं. 'रागानं आपटली' असं इथे अजून म्हणतात. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

उजव्या रकान्याची माहिती जमल्यास पाठवावी.

नोझिम


फरगाना, २१ नोव्हेंबर २०१७

आदरणीय दोनियोर अका,

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी आहेत, पण मी त्या बऱ्याच वेळा वाचल्या. 'माझा रकाना कोरा ठेव. मी रॅकेट आपटली नव्हती. बुटांची माती झाडली होती. हे मी त्यांना त्याच दिवशी तीन वेळा सांगितलं.'

मला माहीत आहे. मी पंचाच्या उंच खुर्चीवर होतो. तुम्ही उजव्या बुटाच्या तळव्यावर दोनदा आणि डाव्यावर एकदा टकटक केलंत. विटांच्या भुकटीवर खेळणारा प्रत्येक जण दर दोन गुणांनी हेच करतो. उस्तादही करायचे. हे मी त्या दिवशी उभं राहून सांगायला हवं होतं. मी खुर्चीतून उतरलोच नाही. उस्तादांनी मोडलेलं डोकं उचललं, मूठ उचलली, दोन्ही तशीच, रॅकेट वाकू नये म्हणून ठेवतात त्या लाकडी शिकंज्यात ठेवून चारही नट आवळले, आणि घरी गेले. ते नट आवळेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

तरी विचाराल, त्यानंतर पाच वर्षांत का नाही सांगितलं? त्याचं उत्तर आज देत नाही.

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात पाणी आहे आणि हृदय थकलं आहे. नवरूझपर्यंत निभावतील असं ते आपांना म्हणाले, पण 'नवरूझपर्यंत' म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मी रोज चारच्या सुमारास जातो. काल डावा रकाना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग विचारलं, "डावा म्हणजे वरचढ का आधीचा?"

"आधीचा, उस्ताद."

"मग ठीक आहे. आणि उजव्यात काय लिहिलंस?"

"अजून काही नाही. माहिती यायची आहे."

"माहिती कशाला हवी? लिही, हात चांगला. बॅकहँड माझ्याहून चांगला. पाय माझ्याहून जलद." एवढ्यात दम लागला. आपांनी उशी वर सरकवली. मग म्हणाले, "आणि लिही, राग आवरत नाही."

मी पेन्सिल काढली होती. पहिल्या तीन गोष्टी लिहिल्या. चौथी लिहिली नाही. त्यांनी विचारलं, "लिहिलंस?" मी "हो" म्हणालो.

तुम्ही यावं असं मी लिहीत नाही. माझा तो हक्क नाही. पण अल्माटीहून इथे यायला दोन दिवस पुरतात, एवढं मी नकाशावर मोजलं आहे.

नोझिम


फरगाना, १२ डिसेंबर २०१७

दोनियोर अका,

हे पत्र मी कच्चं लिहिलेलं नाही. कच्चं लिहिलं तर ते कच्चंच राहील. म्हणून खाडाखोड दिसेल, माफ करा.

रॅकेट मी मोडली.

आता क्रमानं लिहितो. सामन्याच्या आठ दिवस आधी उस्तादांनी ती माझ्याकडे दिली. जुनी तात सुटत आली होती. ते म्हणाले, "तात आता कुठे मिळत नाही. साधी तार घाल. पण हातानं, टोच्यानं आणि खुंट्यांनी, मी शिकवलं तसं. मशीनवर चढवू नकोस. आणि सतराच्या वर जाऊ नकोस. लाकूड म्हातारं झालं की त्याच्याशी हळू बोलावं." मी म्हणालो, "बरं, उस्ताद."

मग तुम्ही ताश्कंदहून परत आलात आणि तुमची रॅकेट मला दाखवलीत, जी उस्ताद वापरणार होते. मी विचारलं, ताण किती? तुम्ही म्हणालात, सव्वीस. त्या संध्याकाळी मी वहीत दोन रकाने आखले. चेंडू तेच, जाळी तीच, कोर्ट तेच. आणि ताण एकीकडे सव्वीस, एकीकडे सतरा. मला ते बरोबर वाटेना. नऊ किलोंचा फरक असेल तर तुलना कसली, उद्या गुलोम बोबो म्हणतील तारा ढिल्या होत्या, सोबीर म्हणेल तारा कडक होत्या. दोन्हीकडे सगळं सारखं असलं म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही, असं मला वाटलं. मी कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती मशीनवर चढवली आणि सव्वीसवर तारा ओढल्या. तारही तीच घेतली, तुमचीच, कडक.

अकराव्या आडव्या तारेला आवाज आला. मोठा नव्हता. नखानं दाण्याचं टरफल फोडावं तेवढा. मी थांबलो. मानेपाशी लाखेखाली केसाएवढी रेघ दिसत होती. आधीपासून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग मेण घेतलं, रेघेवर चोळलं, फडक्यानं पुसलं. पुसल्यावर दिसेनाशी झाली. उरलेल्या तारा पुऱ्या केल्या.

म्हणजे मला माहीत होतं. हे मला लिहायचं होतं. चूक झाली एवढंच असतं तर पाच वर्षं लागली नसती. मेण लावताना मला माहीत होतं.

क्लबात कामाची नोंदवही असते, तुम्ही पाहिली आहे: तारीख, रॅकेट, तार, ताण, सही. त्या दिवशी मी ताणाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला होता. सामना झाल्यावर सगळ्यांना दाखवणार होतो की बघा, दोन्ही सव्वीस. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे सतरा लिहिलं. नीट अक्षरात.

तुम्ही त्याच आठवड्यात गेलात. आपा सांगतात की तुम्ही दारात उभे होता आणि उस्ताद आतून म्हणाले, "ज्याला बापाचं लाकूड सहन होत नाही, त्यानं बापाच्या घरात कशाला राहावं?" मी त्या वेळी कोर्टावर पाणी मारत होतो. कोणी मला विचारलं नाही, आणि मी आपण होऊन गेलो नाही.

उद्या चार वाजता मी उस्तादांना सांगणार आहे. आधी तुम्हाला लिहिलं, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

नोझिम


फरगाना, १४ जानेवारी २०१८

दोनियोर अका,

'उद्या' लिहिलं होतं. तेवीस दिवस लागले. त्याचं कारण भीती, दुसरं काही नाही.

४ जानेवारीला सांगितलं. आपा खोलीत होत्या आणि गुलोम बोबो भेटायला आलेले होते. मी उभं राहूनच सांगितलं. सव्वीस, मशीन, आवाज, मेण, सगळं. संपल्यावर उस्तादांनी हात पुढे केला, मला वाटलं मारतील. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस," म्हणाले. "दोनियोरनं सांगायला लावलं?"

"नाही, उस्ताद. मी केलं म्हणून सांगतो आहे."

"तू केलंस? जाळी तीनदा मोजणारा तू?" ते गुलोम बोबांकडे वळले. "याला मी सतरा सांगितलं होतं. मी सांगितलेला आकडा यानं कधी एकानं तरी चुकवला आहे का?"

गुलोम बोबो म्हणाले, "हा? हा चहात साखरही मोजून घालतो."

मी म्हणालो, "या एकाच वेळी चुकवला. मुद्दाम."

"नोंदवही आणा," उस्ताद म्हणाले. गुलोम बोबो क्लबात जाऊन घेऊन आले. मी नको म्हणालो, ती नोंद मी नंतर केली आहे म्हणालो, कोणी ऐकलं नाही. आपांनी चष्मा लावून वाचलं: चौदा मार्च, लाकडी, साधी तार, सतरा, नोझिम. माझ्याच अक्षरात. उस्तादांना बारीक अक्षर दिसत नाही, तरी त्यांनी पानावरून बोट फिरवलं.

"हे बघ पोरा," ते म्हणाले, "दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेणं ही मोठी गोष्ट आहे. पण खोटं ते खोटं. माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस."

आता मोडलेली रॅकेटच बघावी असं मला सुचलं. त्यात अजून त्या तारा आहेत, ढिल्या झालेल्या, पण त्या कडक जातीच्या आहेत आणि लाकडावर मशीनच्या पकडीचे वळ आहेत. मी आपांना ती मागितली. आपा बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "गेल्या हिवाळ्यात त्यांनी ती तंदुरात घातली, नोझिम. शिकंज्यासकट. त्यावर भाजलेली नान आम्ही खाल्ली. मी काय बोलणार होते?"

चहाखान्यात दुसऱ्याच दिवशी बातमी पोचली. मी गेलो तर सोबीरनं उठून जागा दिली. माझी दाढी त्यानं फुकट केली. गुलोम बोबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "बाप-लेकाच्या मेलेल्या नात्यावर हा पोरगा स्वतःचं कातडं घालायला निघाला होता." मी प्रत्येकाला सांगितलं की ते खरं आहे. जितकं जास्त सांगतो तितके ते मान हलवतात.

आता मुख्य गोष्ट. काल उस्तादांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "कागद घे. तुला एवढं वाटतं त्याच्याबद्दल, तर मलाही वाटायला हवं. लिही." ते म्हणाले तसंच, शब्दाला शब्द, खाली उतरवतो:

'दोनियोर. नोझिमनं तुझ्यासाठी खोटं बोलून दाखवलं. परक्याचा मुलगा इतकं करतो तर मी बाप आहे. तू जे केलंस ते मी माफ केलं. रॅकेटचं आता काही नाही. ये. तोहिर.'

मी लिहून घेतलं. लिहिताना हात दोनदा थांबला. त्यांनी विचारलं, "कुठे अडलास?" मी म्हणालो, "कुठे नाही."

जे तुम्ही केलंच नाही त्याची ही माफी आहे. ती घ्यायला तुम्ही या, असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण दुसरी माफी त्यांच्याकडे नाही. खरी जी आहे ती माझी आहे आणि ती ते मला देत नाहीत. डॉक्टर आता नवरूझ म्हणत नाहीत. घ्या ही, अका. तुम्ही खोटे पडाल, पण दाराच्या आत याल. नंतर जगभर सांगा, मी प्रत्येक ठिकाणी तुमच्याबरोबर येऊन उभा राहीन.

नोझिम


फरगाना, ११ मार्च २०१८

दोनियोर अका,

तुम्ही परत गेलात त्याला दोन आठवडे झाले. गाडीपाशी तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत: "सव्वीस का?" मी म्हणालो, "दोघांना सारखं व्हावं म्हणून." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझ्यात आणि त्यांच्यात सारखं काय होतं, नोझिम?" आणि गाडीत बसलात. मला त्या वेळी तुम्हाला आणखी काही सांगायचं होतं. चालक घाई करत होता. तेच लिहायला बसलो आहे.

आधी हे. तुम्ही निघालात असा निरोप आपांना १८ फेब्रुवारीला आला. त्या दिवशी उस्तादांनी न्हाव्याला बोलवा म्हटलं. सोबीर आला, दाढी केली. कामचिकच्या घाटात बर्फ पडला आणि रस्ता दीड दिवस बंद राहिला, यात तुमचा दोष नाही. आगगाडीचं तिकीट मिळालं नाही, यातही नाही. ते गेले २० तारखेला दुपारी पावणेतीनला. दफन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, तुम्ही संध्याकाळी पोचलात. पोचल्यावर थेट कमरेला पटका बांधून दारात उभे राहिलात, मुलानं राहावं तसे, तीन दिवस.

मी तुमच्या डावीकडे चार पावलांवर होतो, येणाऱ्यांच्या हातावर पाणी घालत होतो. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. प्रत्येक जण दुआ करून तुमचा हात धरायचा आणि म्हणायचा, "जाण्याआधी त्यांनी तुला माफ केलं, बाळा. मन हलकं कर." आणि तुम्ही आभार मानत म्हणायचात, "रहमत." गुलोम बोबांना रहमत. संचालकांना रहमत. ज्यांनी तुमचा सामना पाहिलाही नव्हता त्यांना रहमत. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा आफतोबा खाली ठेवला आणि पुढे आलो. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत: नको. मी पुन्हा आफतोबा उचलला. मी तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता जे राहिलं ते.

२० तारखेला दुपारी आपा औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. उस्तादांजवळ मी एकटा होतो. त्यांना सकाळपासून नीट दिसत नव्हतं. फाटक वाजलं, वाऱ्यानं. त्यांनी विचारलं, "दोनियोर?"

मी म्हणायला हवं होतं, नाही, नोझिम. मी काही बोललो नाही.

"आलास?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो, दादा."

तुम्ही वडिलांना दादा म्हणता. मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी माझा हात घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. माझ्याही हाताला घट्टे आहेत, ओढायच्या तारांचे. ते त्यांना तुमचे वाटले असावेत. श्वास पुरत नव्हता, म्हणून ते तुकड्यातुकड्यानं बोलले. मध्ये किती थांबले ते मी लिहीत नाही, शब्द लिहितो:

"रॅकेट टिकली असती तरी तू जिंकला असतास. लाकडानंही जिंकला असतास. मला तिसऱ्या गेमलाच कळलं होतं. मोडली तेव्हा मला बरं वाटलं, दोनियोर. त्याचाच राग आला."

मग विचारलं, "ऐकलंस?"

मी म्हणालो, "ऐकलं, दादा."

त्यानंतर ते बोलले नाहीत. आपा आल्या तेव्हा पावणेतीन झाले होते.

हे बोलणं तुमचं आहे. मी ते तुमच्या नावानं घेतलं, आणि एकोणीस दिवस माझ्याकडे ठेवलं, कारण देताना हेही सांगावं लागणार होतं की मी तुमच्या जागी बसलो होतो. तुलनेचं पान मी संचालकांना परत केलं. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या म्हणालो. ते म्हणाले, "तुझ्याइतकं बिनचूक कोण लिहिणार?"

मला माहीत आहे तुम्हाला काय वाटेल. इथे सगळ्यांना वाटतं की नोझिम दुसऱ्याचं मन राखण्यासाठी खोटं बोलतो, आणि त्या दुपारी मी खरोखरच बोललो. तेव्हा हेही तसंच असेल, असं तुम्ही म्हणालात तर माझ्याजवळ दाखवायला काही नाही. शब्द नेमके हेच होते. एकही बदललेला नाही. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

नोझिम